कागदपत्रांचा अभाव आणि उच्च शिक्षणाचा अधिकार : विमुक्त व भटक्या जमातींच्या विद्यार्थ्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताचे संवर्धन करणे हे भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद 46 नुसार राज्याचे कर्तव्य होय. या भूमिकेतून महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या चार गटांसाठी एकूण 11 टक्के आरक्षण, तसेच शिष्यवृत्ती व शुल्क प्रतिपूर्तीच्या योजना लागू झाल्या. मात्र या सवलतींसाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या भटकंती केलेल्या कुटुंबाजवळ नेमका कागदच नसतो. हा अभाव कसा निर्माण झाला, त्याचा प्रवेशावर कोणता परिणाम होतो आणि महाविद्यालयांना काय करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश शासनाने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांची नोंदणी, हजेरी व स्थानबद्धता सुरू झाली. सोलापूरचे तारेच्या कुंपणातील सेटलमेंट हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. गावाबाहेर पालात राहणाऱ्या कुटुंबांच्या नावे ना सातबारा होता, ना गावच्या कोतवाल बुकात त्यांच्या मुलांच्या जन्माची नियमित नोंद. म्हणजेच ज्या राज्यसंस्थेने या लोकांची नोंद पोलिसांच्या दप्तरात काटेकोरपणे ठेवली, तिनेच त्यांची नागरिक म्हणून नोंद ठेवली नाही. केंद्र शासनाने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने 2008 मध्ये व भिकू रामजी इदाते आयोगाने त्यानंतर याच प्रश्नाकडे लक्ष वेधले.

कायदेशीर चौकट

जात प्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी करणे यासंबंधीचा महाराष्ट्राचा कायदा 2001 चा अधिनियम क्रमांक 23 म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम 8 नुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 ही मानीव तारीख आहे. त्या तारखेपूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा किंवा गाव नमुना 14 मधील नोंद मागितली जाते. ज्या घरात शाळेची पायरी चढणारी पहिलीच व्यक्ती आज महाविद्यालयात आली आहे, तिथे आजोबांचा शाळेचा उतारा येणार कोठून?

स्थलांतरित कुटुंबांची अडचण याहून गुंतागुंतीची आहे. पुण्यालगत वाघोली परिसरातील दगडखाणींत वडार समाजाची अनेक कुटुंबे राबत आली आहेत. हा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तर कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. 1961 नंतर सीमा ओलांडून आलेल्या कुटुंबाच्या मुलाला तिकडचा दर्जा येथे मिळत नाही आणि येथील दाखल्यासाठी लागणारा पुरावा त्याच्याजवळ नसतो. परिणामी विनाअनुदानित व व्यावसायिक अभ्यासक्रमांचे पूर्ण शुल्क त्याच्यावर पडते आणि गुणवत्ता असूनही प्रवेश हातचा जातो.

शाळा आणि महाविद्यालय यांतील विसंगती

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यातील कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. चौदाव्या वर्षापर्यंत कागदापेक्षा मूल महत्त्वाचे, हे तत्त्व येथे मान्य झाले. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर मात्र हेच तत्त्व थांबते.

अशी विसंगती इतरत्रही आढळते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेत मोफत शिक्षण नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. महाविद्यालयांचा प्रश्न त्या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिला. 2001 मध्ये टेक्सास व कॅलिफोर्निया या राज्यांनी तेथेच शालेय शिक्षण घेतलेल्या अशा विद्यार्थ्यांना स्थानिक दराने शुल्क लागू केले. टेक्सासमधील तरतुदीची अंमलबजावणी जून 2025 मध्ये न्यायालयीन आदेशाने थांबली. तेथील विद्यार्थी त्या देशाचे नागरिक नाहीत, येथील विद्यार्थी तर नागरिक आहेत. म्हणून येथील राज्यसंस्थेची जबाबदारी अधिक ठरते.

आक्षेपांचा विचार

पडताळणी शिथिल केल्यास बोगस दाखले वाढतील, हा आक्षेप निराधार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये माधुरी पाटील प्रकरणात पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली ती याच कारणास्तव. खोट्या दाखल्याने खऱ्या वंचिताचीच जागा जाते. परंतु बनावट पुरावा देणे आणि पुरावाच नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. पडताळणीच्या यंत्रणेत दक्षता पथकाची तरतूद आहे. कागद नसेल तेथे प्रत्यक्ष गृहचौकशीला अधिक महत्त्व देता येईल. चौकशी चालू असेपर्यंत शुल्क सवलत तात्पुरती द्यावी व दावा खोटा ठरल्यास कलम 10 नुसार वसुली करावी, हा मार्ग न्याय्य ठरेल.

महाविद्यालयांची भूमिका

कायद्यातील बदल शासनाच्या हाती आहे. तथापि काही गोष्टी महाविद्यालयीन स्तरावरही शक्य आहेत. पडताळणीचा प्रस्ताव बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावीतच तयार करून घ्यावा. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाजवळ वैधता प्रमाणपत्र असल्यास ते जोडावे. अशा प्रमाणपत्राचे महत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये अधोरेखित केले आहे. प्रलंबित प्रस्तावाची पावती असलेल्या विद्यार्थ्याकडून पूर्ण शुल्क एकरकमी न घेता हप्ते द्यावेत. यासाठी एका प्राध्यापकाकडे स्वतंत्र जबाबदारी सोपवावी. एका विद्यार्थ्याला वैधता मिळाली की त्याच्या भावंडांचा व पुढील पिढीचा मार्ग सुकर होतो.

समारोप

1882 मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाची मागणी पुण्यातूनच मांडली होती. विमुक्त व भटक्या जमातींची मुले आता महाविद्यालयाच्या दारापर्यंत येऊन पोहोचली आहेत. त्यांच्याजवळ कागद नाही, यात त्यांचा दोष नाही. ज्या नोंदी राज्याने ठेवल्या नाहीत, त्यांच्या अभावाची किंमत विद्यार्थ्याने शिक्षण सोडून चुकवावी, हे सामाजिक न्यायाच्या तत्त्वाशी विसंगत होय.