नातलग परदेशी, नोकरी सरकारी

घरातील एखादा मुलगा तटरक्षक दलाची अथवा अणुऊर्जा खात्याची निवडचाचणी उत्तीर्ण होतो, पेढे वाटले जातात, आणि मागोमाग कुजबुज सुरू होते : अमेरिकेतल्या ताईचे नाव अर्जात लिहावे की नको? आपल्या समाजात आज क्वचितच असे घर असेल, ज्याचे कोणी ना कोणी परदेशी स्थायिक नाही. त्यामुळे ही शंका घरोघरीची आहे.

रायगडच्या किनाऱ्याला ती नवी नाही. अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण या परिसरातील बेने इस्रायली समाज पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आला. तेलघाणे चालविणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. १९४८ नंतर त्यांतील हजारो जण इस्रायलला गेले. भारताने त्या देशाला सप्टेंबर १९५० मध्ये मान्यता दिली खरी. परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जुळण्यास जानेवारी १९९२ उजाडला. मधल्या चार दशकांत येथे राहिलेल्यांचे आप्त अशा देशात होते, ज्याच्याशी आपले शासन अंतर राखून होते. तरीही याच समाजातील बेंजामिन अब्राहम सॅमसन हे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले आणि १९६४ ते १९६६ या काळात, म्हणजे पाकिस्तानशी झालेल्या युद्धाच्या दिवसांतही, भारतीय नौदलाच्या ताफ्याचे नेतृत्व त्यांच्याकडे होते.

केंद्र सरकारच्या नियुक्तीपूर्वी भरावयाचा साक्षांकन नमुना नीट वाचला, तर शासनाचा रोख ध्यानात येतो. आईवडील, पती वा पत्नी, भावंडे यांचे राष्ट्रीयत्व, जन्मस्थान, व्यवसाय आणि पत्ता त्यात विचारतात. अपत्ये परदेशी शिकत किंवा राहत असतील, तर त्यांची माहिती वेगळी मागतात. नमुन्याच्या आरंभीच इशारा असतो, तो मात्र खोटी माहिती देण्याविषयी व माहिती दडविण्याविषयी. परदेशी नाते असणे ही तेथे अपात्रता म्हटलेली नाही. अपात्रता आहे ती लपविण्यात. नोकरीत आल्यावरही तेच. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २१ प्रमाणे परदेशी नागरिकाशी विवाह करणाऱ्या कर्मचाऱ्याने ती गोष्ट शासनाला तत्काळ कळवावयाची असते. म्हणून कुजबुजणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू : ताईचे नाव ठळक अक्षरांत लिहा.

अर्थात पडताळणी निव्वळ उपचार नव्हे. खाते जितके नाजूक, तितकी चौकशी खोल, आणि नातलग कोणत्या देशात आहे यालाही वजन असते. तथापि धोका नेहमी नात्यातूनच येतो, असेही नाही. १९९३ च्या प्रारंभी याच किनाऱ्यावर, दिघी व शेखाडी येथे, शस्त्रे आणि स्फोटके उतरली. १२ मार्चच्या मुंबई स्फोटांत २५७ जीव गेले. त्या खटल्यात सीमाशुल्क व पोलीस खात्यांतील माणसेही दोषी ठरली. त्यांना फितविले होते लाचेने, परदेशी आप्ताने नव्हे.

गंमत अशी, की अमेरिकेत वाढलेला आपला नातू तिकडच्या शासनाकडे संवेदनशील पदासाठी अर्ज करतो, तेव्हा हीच बाजू उलटते. तेथील निकषांत ‘परकीय प्रभाव’ असे स्वतंत्र कलमच आहे : नातलग कोणत्या देशाचा, जवळीक किती, त्याच्यामार्फत दबाव येऊ शकतो काय. त्या अर्जात ‘परदेशी नातलग’ म्हणून नाव लिहिले जाते ते अलिबागच्या आजीचे.