महापौर आणि उपमहापौर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मानपाडा नावाच्या दोन वस्त्या ठाणे जिल्ह्यात आहेत. घोडबंदर मार्गावरील मानपाडा ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत येतो, तर डोंबिवली पूर्वेतील मानपाडा कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या. १९८२ आणि १९८३ साली स्थापन झालेल्या या दोन्ही महापालिकांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार चालत असल्याने महापौरपदाविषयीचे नियमही दोन्हीकडे सारखेच आहेत आणि त्यांविषयीचे गैरसमजही.

गैरसमज : महापौर थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो.

वस्तुस्थिती : मतदार केवळ आपल्या प्रभागाचे नगरसेवक निवडतात, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत बहुतेक प्रभागांतून प्रत्येकी चार नगरसेवक निवडले गेले. निवडून आलेले हे नगरसेवक, ज्यांची संख्या ठाण्यात १३१ आणि कल्याण-डोंबिवलीत १२२ आहे, आपल्यापैकीच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर आणि एकाला उपमहापौर म्हणून निवडतात. या मतदानासाठी पक्ष व्हिप, म्हणजे बंधनकारक आदेश, काढतात आणि तो मोडणाऱ्या नगरसेवकावर १९८६ च्या पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्रतेची कारवाई होऊ शकते. शेजारच्या अंबरनाथ व बदलापूर या नगरपरिषदांत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, त्यामुळे दोन पदांची सरमिसळ होते.

गैरसमज : बहुमत असलेला पक्ष कोणालाही महापौर करू शकतो.

वस्तुस्थिती : महापौरपद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी आळीपाळीने राखीव असते. कोणत्या शहरात कोणते आरक्षण लागू होईल, हे राज्यातील सर्व महापालिकांचा एकत्र विचार करून नगरविकास विभागाच्या सोडतीने ठरते. त्यामुळे मोठ्या पक्षाकडेही त्या प्रवर्गातील नगरसेवक असावा लागतो. उपमहापौरपदाला असे आरक्षण नाही.

गैरसमज : रस्ता, पाणी, कचरा आणि अनधिकृत बांधकामावरील कारवाई यांचे आदेश महापौर देतो.

वस्तुस्थिती : कायद्याने कार्यकारी अधिकार, म्हणजे निर्णयांची अंमलबजावणी करण्याचा आणि प्रशासन चालवण्याचा अधिकार, राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे सोपवला आहे. आयुक्ताने मांडलेला अर्थसंकल्प सोळा सदस्यांच्या स्थायी समितीपुढे आणि नंतर सर्व नगरसेवकांच्या सर्वसाधारण सभेपुढे जातो. महापौर या सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, चर्चेला शिस्त लावतो आणि समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतो. म्हणून ‘प्रथम नागरिक’ हा मान असला, तरी त्या पदाचे खरे बळ सभागृह चालवण्यात आहे. कोलकात्यात महापौर परिषदेकडे कार्यकारी अधिकार असल्याने तेथील महापौराशी तुलना करताना हा फरक विसरता येत नाही.

गैरसमज : उपमहापौर हे केवळ शोभेचे पद आहे.

वस्तुस्थिती : महापौर अनुपस्थित असल्यास सभेचे अध्यक्षपद उपमहापौराकडे येते आणि महापौरपद रिक्त झाल्यास नवी निवड होईपर्यंत महापौराची कर्तव्येही त्यालाच पार पाडावी लागतात, सभागृह खंडित होऊ न देणे हेच या पदाचे प्रयोजन आहे.

कल्याण-डोंबिवलीत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून २०२६ च्या निवडणुकीपर्यंत आयुक्तांनीच प्रशासक म्हणून कारभार पाहिला. त्या काळात अंमलबजावणी चालू राहिली, पण आयुक्ताला जाहीर सभेत जाब विचारणारे निर्वाचित सभागृह नव्हते. म्हणूनच नागरिकाने काम झाले नाही तर आयुक्ताच्या प्रशासनाकडे दाद मागावी आणि तो प्रश्न सभेत का मांडला गेला नाही, हे आपल्या नगरसेवकाला आणि महापौराला विचारावे.