गंजलेला बोल्ट बदलताना

मुळशी तालुक्यातील लवासा हे शहर वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, सह्याद्रीच्या उतारांवर वसवायला घेतले गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील बांधकाम थांबवले. पुढे २०१८ मध्ये प्रकल्पाच्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. बांधकाम थांबते, पाऊस थांबत नाही. अशा पावसाच्या मुलखात देखभाल खुंटली, की काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट गंजू लागतात. जिन्याचा कठडा असो की दिव्याचा खांब, त्याचा भार याच बोल्टांवर असतो.

चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे त्याच्या आतले लोखंड सहसा गंजत नाही. पण बोल्ट जिथे बाहेर येतो तिथे पाणी साचते आणि हवाही मिळते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो आतून रेटा देतो आणि काँक्रीटला तडे जातात.

असे का, हे खडूवरून समजेल. उभा खडू दोन्ही टोकांनी दाबा. तो सहज चुरडत नाही. तोच वाकवा, चटकन मोडतो, कारण वाकवताना त्याच्या एका बाजूवर ताण येतो. काँक्रीटचेही तसेच. दाब सोसण्याची त्याची जितकी ताकद, तिच्या सुमारे एक दशांशच ताण सोसण्याची.

म्हणून नुसता बोल्ट बदलून भागत नाही. आधी भोवती हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर सुटलेले काँक्रीट काढून ती जागा नव्याने भरावी. जुना बोल्ट कापून टाकावा आणि नवे भोक भेगा व कडा टाळून, आतली सळई न कापता, थोडे दूर पाडावे. कडेजवळचा बोल्ट ताण पडताच काँक्रीटचा टवकाच घेऊन निघतो.

भोकातली भुकटी फुंकून, ब्रशने घासून, पुन्हा फुंकून काढावी. खडूच्या भुकटीने माखलेल्या फळ्यावर चिकटपट्टी लावून पाहा: ती फळ्याला नव्हे, भुकटीला चिकटते! एपॉक्सीचेही असेच होते. एपॉक्सी तळापासून भरावी, म्हणजे आत हवा राहत नाही. मग बोल्ट फिरवत बसवावा आणि एपॉक्सी पूर्ण कडक होईपर्यंत त्यावर भार देऊ नये.

डोक्यावर टांगलेल्या वजनासाठी मात्र अभियंत्याचा सल्ला हवाच. १० जुलै २००६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पाट मोटारीवर कोसळून एक महिला दगावली. तिथे वापरलेली एपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत गेली होती, असे चौकशीत आढळले.

पावसाळा संपला, की विद्यार्थ्यांना शाळेच्या कठड्यांचे पाय पाहायला सांगा. कुठे तांबूस ओघळ दिसतात? कुठे बारीक भेग आहे? यादी करून मुख्याध्यापकांकडे द्या. कठडा हलू लागण्यापूर्वी केलेली दुरुस्ती सोपी असते.