दीर्घकालीन अंगदुखी व थकवा : कारणशोधाची पद्धती

प्रस्तावना

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्रात दीर्घकालीन वेदना अशी संज्ञा आहे. अशा वेदनेच्या जोडीला थकवा असेल आणि क्ष-किरण चित्र वा रक्ततपासणी यांतून काहीच निष्पन्न होत नसेल, तर रुग्णाची अवस्था विलक्षण अवघड होते. घरी 'हिचे रोज काहीतरी दुखतेच' असे म्हटले जाते. दवाखान्यात 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' असे सांगितले जाते. दोन्हींचा अर्थ रुग्णाच्या लेखी एकच असतो : आपल्यावर कोणाचा विश्वास नाही. हा अनुभव स्त्रियांच्या वाट्याला अधिक येतो. अशा दुखण्याचे कारण कोणत्या रीतीने शोधले जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखिका वैद्यक शाखेतील नसल्याने औषधयोजना हा लेखाचा विषय नाही. अहवालात दोष आढळणे आणि दुखण्याचे कारण सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

पाटावरून उठणे

हा भेद लेखिकेच्या ध्यानात प्रथम घरातच आला. आईची कंबर, मांड्या व बरगड्या सुमारे चार वर्षे दुखत होत्या. 'वयोमानाने होणारच' आणि 'संधिवात' ही दोन निदाने आलटून पालटून झाली व वेदनाशामक गोळ्या चालू राहिल्या. गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रात वयानुरूप झीज होती, त्यामुळे पुढे कोणी पाहिले नाही. अखेर एका डॉक्टरांनी 'कुठे दुखते' याऐवजी 'काय करताना अडते' असे विचारले. आईने सांगितले, पाटावरून उठताना हात टेकावा लागतो आणि एस. टी.ची पायरी चढताना दांडी धरून अंग वर ओढावे लागते. डॉक्टरांनी तिला तेथेच जमिनीवर बसवून उठावयास सांगितले.

या साध्या कृतीने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. सांधा दुखतो म्हणून उठता न येणे निराळे आणि कमरेभोवतीचे स्नायू दुबळे झाल्याने उठता न येणे निराळे. दुसरा प्रकार असेल तर शोधाची दिशा ठरते. पुढील तपासण्यांत रक्तातील कॅल्शियम व फॉस्फरस कमी, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आणि 'ड' जीवनसत्त्व अत्यल्प आढळले. निदान झाले ऑस्टिओमलेशिया, म्हणजे अस्थिमृदुता. या विकारात हाडाचा सांगाडा तयार होतो, परंतु त्यात खनिजे पुरेशी भरली जात नाहीत. म्हणून हाडे ठणकतात व स्नायू दुर्बल होतात. उपचारानंतर काही महिन्यांत आई हात न टेकता उठू लागली.

तथापि या उदाहरणावरून ज्याचे अंग दुखते त्याने 'ड' जीवनसत्त्व घ्यावे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील एका अभ्यासात निरोगी व्यक्तींमध्येही या जीवनसत्त्वाचे प्रमाण मोठ्या संख्येने कमी आढळले होते. जी कमतरता न दुखणाऱ्यांतही सर्रास आढळते, ती दुखणाऱ्याच्या अहवालात दिसली म्हणून तीच कारण ठरत नाही. आईच्या बाबतीत तक्रार, स्नायूंची परीक्षा, तीन-चार निरनिराळ्या तपासण्या आणि उपचाराचा परिणाम हे सर्व एकाच दिशेने निर्देश करीत होते. कारण सिद्ध झाले ते या मेळामुळे.

अहवालांचे गणित

जीवनसत्त्व 'ब-12' विषयीही हेच म्हणता येते. पुण्यातील संशोधनाचे 2001 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहता ही कमतरता आपल्याकडे व्यापक आहे. शाकाहार हे तिचे एक प्रमुख कारण. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, जीभ लाल होणे अशी लक्षणे सोबत असतील तर तिचे महत्त्व निश्चित वाढते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ती उद्भवू शकते, आणि कोलेस्टेरॉलसाठी घेतल्या जाणाऱ्या स्टॅटिन औषधांमुळे काहींचे स्नायू दुखतात. म्हणून चालू औषधांची संपूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवणे अगत्याचे असते. ती बहुधा ठेवली जात नाही.

'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिराती पाहून एकदम वीस-पंचवीस तपासण्या करून घेणाऱ्यांनी थोडे गणित लक्षात घ्यावे. बहुतेक तपासण्यांची सामान्य मर्यादा अशी ठरविलेली असते की, 100 निरोगी व्यक्तींपैकी 95 व्यक्ती तिच्या आत येतात. परस्परांशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्यास पूर्णतः निरोगी माणसाच्याही किमान एका अहवालात दोष दिसण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. ए.एन.ए. ही संधिवाताच्या संदर्भातील तपासणी याचे ठळक उदाहरण होय. 1997 सालच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात 1:40 या विरलतेस सुमारे 32 टक्के निरोगी व्यक्तींत ती होकारार्थी आली होती. अशा अहवालाने घाबरून वर्षानुवर्षे दवाखाने पालथे घालणारी माणसे आपल्या परिचयात असतातच.

यावरून तपासण्या निरर्थक आहेत असे नव्हे. हिमोग्लोबिन, ई.एस.आर., थायरॉइड, साखर, मूत्रपिंड व यकृत यांच्या मोजक्या तपासण्या आवश्यकच असतात. वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली खांद्यांची व मांड्यांची सकाळची ताठरता असेल तर विलंब करू नये. मात्र कोणती तपासणी करावयाची हे पूर्वेतिहासाने ठरावे. दुखणे केव्हा सुरू झाले, या प्रश्नातूनच कित्येकदा उत्तर मिळते. 1973 साली बार्शी येथे आणि पुन्हा 2006 साली राज्यात अनेक ठिकाणी चिकुनगुन्याची साथ आली होती. या तापानंतर काहींचे सांधे महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे दुखत राहतात. रुग्ण मात्र जुना ताप विसरून गेलेला असतो. रात्री मोठ्याने घोरणे व दिवसा पेंगणे ही माहितीही रुग्णापेक्षा घरच्यांकडून मिळते, आणि थकव्याचे मूळ निद्रेतील श्वसनरोधात असू शकते.

सर्व अहवाल निर्दोष असताना

सर्व अहवाल निर्दोष असले तरी निदान शक्य असते, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी रुजलेली नाही. फायब्रोमायल्जिया या विकारात ऊतींना इजा नसतानाही मज्जासंस्था वेदनेचे संदेश वाढवून ग्रहण करते. मेरुरज्जूतील अशा वाढीव संवेदनशीलतेचा पुरावा क्लिफर्ड वूल्फ यांनी 1983 साली प्राण्यांवरील प्रयोगांतून मांडला. 1990 च्या अमेरिकी निकषांत शरीरावरील 18 पैकी 11 बिंदू दाबल्यावर दुखणे आवश्यक होते. 2010 पासून वेदनेची व्याप्ती, थकवा, ताजेपणा न देणारी झोप व स्मरणातील अडचणी यांवर भर देण्यात आला. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन प्राथमिक वेदना हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदविलेला आहे. 'मनाचे खेळ' या शब्दांत त्याची बोळवण करण्यास आता शास्त्राधार उरलेला नाही. नैराश्य असल्यास त्याचाही उपचार करावा, पण ते दुखण्यामागून आले की दुखण्याआधी होते, हे विचारून.

नाव नेमके असण्याची व्यावहारिक गरज दुसऱ्या एका विकाराच्या तुलनेत स्पष्ट होते. फायब्रोमायल्जियात हळूहळू वाढविलेला व्यायाम उपकारक ठरतो. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस अथवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात मात्र थोड्या श्रमानंतर, बहुधा काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी, प्रकृती ढासळते व दिवसेंदिवस सावरत नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने 2021 साली या रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी वाढविलेला व्यायाम देऊ नये, अशी शिफारस केली. दोन्ही रुग्ण डॉक्टरांपुढे 'अंग दुखते, थकवा येतो' असेच म्हणतात. त्यांच्यातील फरक रक्ताच्या अहवालात दिसत नाही. दोन-तीन आठवडे रोजचे श्रम, झोप आणि श्रमानंतरचे दोन दिवस यांची साध्या वहीत नोंद ठेवली तर तो बहुतेक वेळा दिसू लागतो.