बोट वळवलं की नाव बदलतं

कोपरखैरणेतल्या एका शाळेत दहावीच्या वर्गात ‘कार्बनी संयुगे’ चालू होतं. फळ्यावर तीन कार्बन आडवे, मधल्याला खाली लटकलेला दोन कार्बनचा तुकडा. मुलीनं लिहिलं, 2-इथिलप्रोपेन.

“सगळ्यात लांब साखळी शोध. ती सरळच असते असं कुणी सांगितलं?” मॅडम म्हणाल्या.

बोट डावीकडून निघालं, मध्ये खाली वळलं. कार्बन चार भरले. नाव झालं 2-मेथिलब्युटेन. आडव्या ओळीच्या सवयीनं बरेच गुण असेच जातात.

नंतर प्रयोगशाळेत ॲसिटोन आणि पाण्याचं ऊर्ध्वपातन. ॲसिटोन चटकन पेट घेतो, म्हणून जवळपास ज्योत नाही. चंबू गरम पाण्याच्या भांड्यात. तापमापीचा फुगा द्रवात बुडवायचा नाही, बाजूच्या नळीच्या तोंडाशी ठेवायचा, कारण मोजायची असते ती बाहेर पडणारी वाफ. संघनकात पाणी खालून सोडायचं, म्हणजे बाहेरची नळी पूर्ण भरते. पारा 56 अंशांच्या आसपास रेंगाळला आणि थेंब पडू लागले. वास नेलपॉलिश रिमूव्हरचा! बराचसा ॲसिटोन निघून गेल्यावर पारा पुन्हा चढायला लागला.

हे दोन्ही तास वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वहीत होतात, ही माझी तक्रार आहे. पेंटेन 36 अंशांना उकळतं. तेवढेच अणू असलेलं 2-मेथिलब्युटेन 28 लाच. फांदी फुटलेले रेणू एकमेकांना कमी चिकटतात. म्हणजे फळ्यावर वळलेल्या त्या बोटानं उत्कलनांकही सांगितला होता. नवी मुंबईतल्या उन्हाळ्याच्या दुपारी हा पदार्थ उघड्या भांड्यात टिकायचाच नाही. तीन कार्बनची रांग घ्या: प्रोपेन उणे 42, प्रोपेनोन म्हणजे आपला ॲसिटोन 56, प्रोपेन-1-ऑल 97. शेवटचा प्रत्यय बदलला की पारा कुठल्या कुठे जातो.

इथल्या मुलांना हे लांबचं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या हर्डिलिया कंपनीत क्युमीनपासून फेनॉल आणि ॲसिटोन एकदमच तयार होत. फेनॉलचा उत्कलनांक 182 अंश, म्हणून उंच स्तंभांत दोघं वेगळे करता येतात. तत्त्व शाळेतल्या चंबूचंच, फक्त चंबू काही मजले उंच.

शिक्षकांना एकच विनंती: नामकरणाच्या तक्त्यात उत्कलनांकाचा एक रकाना वाढवा, आणि कपाटातला संघनक त्याच आठवड्यात बाहेर काढा.