रक्तांतील सोडियमची तूट व उन्हाळ्यांतील शेतकाम

वैशाखांत काम करतां करतां एखादा गडी असंबद्ध बोलूं लागला किंवा त्यास आकडी आली, तर "ऊन लागलें" असें म्हणून त्याच्या तोंडास पाण्याचा तांब्या लावण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. ऊन लागलेल्याचें अंग भाजत असतें, व तें तत्काळ थंड करणें हाच त्यावर पहिला उपाय होय. परंतु अंग तापलेलें नसून गडी सकाळपासून घागरभर साधें पाणी प्यालेला असेल, तर रक्तांतील सोडियम, म्हणजे मिठाचा मुख्य अंश, उतरला असल्याचा संशय घेतला पाहिजे. तेथें आणखी एक तांब्या अपायच करील.

निरोगी माणसाच्या रक्तांत दर लिटरास १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असतें. घाम, वांत्या व जुलाब यांवाटे मीठ जातें. त्याच्या जागीं नुसतें पाणी येत गेलें व मूत्रपिंडांस तें बाहेर टाकतां आलें नाहीं, म्हणजे पाणी पेशींत शिरून मेंदू सुजतो. आणि कवटींत सुजेला जागा नसते. इंग्लंडांत कोळशाच्या उष्ण खाणींतील मजुरांस येणारे पेटके याच जातीच्या कारणानें येतात, असें मॉस यानें १९२३ सालीं दाखविलें. म्हणून शेतावर तहानेपुरतेंच पाणी प्यावें व जोडीस मीठ घातलेलें ताक किंवा पेज असावी. रक्तदाबाच्या रोग्यानें मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून मीठ वाढवूं नये.

आकडी वा बेशुद्धि असल्यास इस्पितळांत ३ टक्के मिठाचें द्रावण १०० ते १५० मिलिलिटर शिरेवाटे देतात. सोडियम ४ ते ६ मिलिमोलनें चढलें कीं बहुधा तातडीचें संकट टळतें. पुढें घाई घातक आहे. तूट दोन दिवसांहून जुनी असेल तर मेंदूनें तिच्याशीं जुळवून घेतलेलें असतें. अशा वेळीं सोडियम फार वेगानें चढविल्यास मेंदूंतील मज्जातंतूंचें वेष्टन नासून हातपाय व वाचा कायमची जाऊं शकते. "सलाइन भराभर सोडा" हा नातलगांचा आग्रह म्हणूनच धोक्याचा.

त्यापेक्षां रोगी किती पाणी प्याला, वांत्या-जुलाब किती दिवस होते, व लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू आहेत काय, हें डॉक्टरांस सांगावें. वृद्धांत पुष्कळदां त्या गोळ्याच मूळ कारण ठरतात. बेशुद्धाच्या तोंडांत मीठपाणी ओतूं नये, तें फुप्फुसांत उतरतें. त्यास कुशीवर निजवावें व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.