थोडी डावीकडे… थांब!

निगडी प्राधिकरणातल्या जुन्या बंगल्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून एखादा गंजका जीआय पाईप अजून उभा असतो. आमच्याही गच्चीवर आहे. सध्या त्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर पाईपवर तीन ठिकाणी क्लॅम्प आवळल्याचे वळ दिसतात. सगळ्यात वरचा दूरदर्शनचा, मधला वायफायचा, खालचा अलीकडचा. निगडी ते चाकणच्या या कारखानदारीच्या पट्ट्यात जिथं तार पोचली नाही तिथं माणसं गच्चीवर चढली. गेल्या पन्नास वर्षांतल्या त्या चढण्याचा हिशेब या पाईपवर लिहिलेला आहे.

पहिला वळ सिंहगडाचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावरून पुण्यासाठी सहक्षेपण होऊ लागलं. निगडीहून सिंहगड जवळजवळ सरळ दक्षिणेला, हवाई अंतर तीसेक किलोमीटर. त्यामुळं गच्च्यांवरच्या झाडून सगळ्या अँटेनांची तोंडं एकाच बाजूला असत. होकायंत्राची गरजच नव्हती. रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या वेळी वडील वर, मी जिन्यात, आई टीव्हीसमोर. "आली का?" हे वरून खाली आणि "मुंग्या आहेत!" हे खालून वर पोचवायचं काम माझं. "थोडी डावीकडे… थांब! गेली!" एवढ्यात अँटेनावर कावळा येऊन बसे आणि सगळं पहिल्यापासून.

ती काड्यांची अँटेना १९२६ साली जपानमध्ये तयार झाली. बहुतेक खटपट शिंतारो उडा यांची, पण जगभर नाव झालं ते त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांचं. टेल्कोत आणि इतर कारखान्यांत राबणाऱ्यांना ही गोष्ट सांगितली की ते नुसते हसत. जास्त काही समजावून सांगावं लागत नसे.

मधल्या काळात केबल आली, काड्या भंगारात गेल्या आणि पाईप मोकळा झाला. त्याला पुन्हा काम मिळालं २००५ नंतर. त्या वर्षीच्या जानेवारीत दोन गोष्टी झाल्या. १४ तारखेला बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि २८ तारखेच्या अधिसूचनेनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मुक्त झाला. पहिलीची चर्चा सगळ्यांनी केली, दुसरी कुणाला कळलीही नाही. पण गच्चीवाल्यांना खरं बळ दुसरीनं दिलं.

कारण ब्रॉडबँड यायचं तांब्याच्या तारेवरून, आणि एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढं ती तार दम तोडायची. प्राधिकरणात कनेक्शन मिळे, पण चिखली, मोशी, कुरुळीकडच्या नव्या घरांना "लाइन फिजिबल नाही" एवढंच उत्तर. म्हणजे एका मित्राकडं इंटरनेट, सव्वा किलोमीटरवरच्या दुसऱ्याकडं नाही. ज्याच्याकडं आहे त्याचा प्लॅनही असा की रात्री २ ते सकाळी ८ कितीही वापरा, दिवसा मोजून-मापून. रात्रपाळीहून आलेल्या माणसासाठीच जणू आखलेला. आणि राउटरचा आवाका? दोन भिंती आणि एक फ्रिज आडवा आला की संपला.

इथं डबे आले. २००१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बटाट्याच्या वेफर्सच्या नळकांड्यातून वायफाय लांब नेण्याचे प्रयोग झाले होते. न्यूझीलंडमधल्या एका शिक्षकानं तर जाळीच्या झाऱ्यात यूएसबी वायफायची कांडी बसवली. आपल्याकडं ही बातमी पोचली आणि रसगुल्ल्याच्या डब्यांचे दिवस पालटले. डबा साधारण ७ ते ९ सेंटिमीटर व्यासाचा हवा, आतल्या तांब्याच्या काडीची उंची ३१ मिलिमीटर, म्हणजे लहरीच्या लांबीच्या पावपट. पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीत एन-टाइप कनेक्टर मिळायचा. बाकी सगळं घरात.

डब्यानं शेजारची इमारत गाठता आली, सव्वा किलोमीटरवरची चिखली नाही. त्यासाठी पुन्हा यागी. आणि इथं आमच्या पट्ट्याचा खरा गुण दिसला. संगणक कोळून प्यायलेली मंडळी अंदाजानं काड्या कापत आणि "जमत नाही" म्हणून सोडून देत. जमलं ते टूलरूममधल्या माझ्या एका सहकाऱ्याला, ज्याला ई-मेलसुद्धा दुसऱ्याकडून उघडून घ्यावी लागे. २.४ गिगाहर्ट्झच्या यागीची पुढची काडी जेमतेम साडेपाच सेंटिमीटरची. तिच्यात एक मिलिमीटर चुकला तर अँटेनाचा सूर चाळीसेक मेगाहर्ट्झनं सरकतो, आणि वायफायचा अख्खा पट्टाच ८३.५ मेगाहर्ट्झचा. अर्धा पट्टा एका मिलिमीटरमध्ये गेला. त्याला हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "एक मिलिमीटर? आमच्यात तेवढ्यात जॉब रिजेक्ट होतो." जेवणाच्या सुट्टीत त्यानं अॅल्युमिनियमच्या सळया कापल्या, व्हर्निअरनं मोजल्या, टोकं घासून घेतली. पहिल्याच खेपेला ती अँटेना चालली. अशी जुळवाजुळव हे कॉम्प्युटरवाल्याचं काम आहे असं लोक समजत. माझ्या मते ते फिटरचं काम होतं: माप, पातळी आणि अलाइनमेंट.

पुढं आम्ही जाळीची छत्री घेतली. मीटरभर लांब, पाऊण मीटरच्या आत रुंद, २४ डीबीआय गेनची. लोक विचारत, एवढी भोकं आहेत, सिग्नल गळत नाही का? त्यांना मी नाशिक रस्त्यानं पुढं खोडदला जाऊन यायला सांगे. तिथं आणि आसपास गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्याही तारांच्या जाळीच्याच आहेत. भोक लहरीच्या लांबीपेक्षा बरंच लहान असलं की लहरीला ते दिसतच नाही, वाऱ्याला मात्र दिसतं. तबकडी हलकी होते आणि वादळात टिकते. आमची छत्री खोडदच्या तबकडीची फार दूरची, फार गरीब भाची.

एवढं करूनही पहिल्या दिवशी लिंक रडत होती. मी गच्चीवर, सहकारी चिखलीच्या गच्चीवर, दोघांच्या कानाला मोबाइल. "किती दाखवतंय?" "मायनस ब्याऐंशी." "आता?" "ब्याऐंशीच." हा सिग्नलचा आकडा, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. छत्री कितीही फिरवा, तो हलेना. तीन रविवार गेले. दोष सापडला तो छत्रीत नाही, खालच्या केबलमध्ये. राउटर घरात, छत्री गच्चीवर, मध्ये दहा मीटर साधी आरजी-५८ केबल. ती या फ्रिक्वेन्सीला मीटरमागं जवळजवळ एक डेसिबल खाते. दहा मीटरमध्ये शक्तीचा एक-दशांश भाग उरतो. नऊ हिस्से केबल तापवण्यात गेले! पाच हजारांची छत्री लावून तिची कमाई आम्ही साठ रुपये मीटरच्या वायरला चारत होतो. मग राउटरच प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये घालून छत्रीच्या पाठीशी बांधला आणि खालपर्यंत नेटवर्कची लॅन केबल सोडली, तिच्यातूनच वीज. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत कुरकुर करत नाही. आकडा मायनस ब्याऐंशीवरून मायनस एकाहत्तरवर आला. पुढं बाजारात आलेल्या नॅनोस्टेशनसारख्या डब्यांत हीच युक्ती आयती होती: रेडिओ आणि अँटेना एकाच खोक्यात, मध्ये केबलच नाही.

ही लिंक एप्रिलमध्ये लागली. ऑगस्टमध्ये पडली. सगळे म्हणाले, पावसानं सिग्नल जातो. पावसाचे थेंब २.४ गिगाहर्ट्झला जवळजवळ काही करत नाहीत. मग? रेषेत एक गुलमोहर होता. एप्रिलमध्ये तो नुसता सांगाडा असतो, त्याच्यातून पलीकडची गच्ची दिसत होती. पावसाळ्यात तो पानांनी भरला, पानं भिजली आणि ओलं पान म्हणजे या लहरींना पाण्याची भिंत. शिवाय कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं ते वेगळं. त्यानंतर आम्ही प्रत्येक केबलला खाली यूसारखा झोल द्यायला शिकलो, म्हणजे पाणी कनेक्टरकडं न जाता झोलातून गळतं. आणि पाईप दहा फुटांनी वाढवला. नुसती नजरेची रेष मोकळी असून भागत नाही. सव्वा किलोमीटरच्या लिंकला मध्यावर रेषेभोवती सहा मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो, आणि त्यातला निदान साठ टक्के मोकळा हवा. तो जास्तीचा पाईप आला कुदळवाडीच्या भंगारातून. ती गोदामं महापालिकेनं २०२५ च्या फेब्रुवारीत पाडली. आता तसा पाईप शोधायला कुठं जायचं, देव जाणे.

एक गोष्ट तेव्हा आम्हाला माहीत नव्हती आणि ती कबूल करायला हवी. नियमानुसार या पट्ट्यात अँटेनाचा गेन धरून बाहेर पडणारी शक्ती चार वॅटच्या पुढं जाऊ नये. साधा शंभर मिलिवॅटचा राउटर २४ डीबीआयच्या छत्रीला जोडला की त्या दिशेनं ती पंचवीस वॅटसारखी होते. म्हणजे आम्ही नकळत नियम मोडत होतो. अँटेना शक्ती निर्माण करत नाही. टॉर्चच्या कपासारखी आहे तीच एका बाजूला गोळा करते, आणि ऐकतानाही तेवढीच मदत करते. म्हणून मोठी छत्री लावली की राउटरची शक्ती खाली आणायची. ऐकणं चांगलं राहतं आणि शेजाऱ्याचं वायफायही जगतं.

२००८ च्या जुलैत अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं. तोवर गच्चीवर छत्री फिरवली की चार-पाच बिनकुलपाची नावं दिसत, आणि खोटं कशाला बोला, तीही आम्ही वापरून पाहिली होती. त्यानंतर सगळीकडं पासवर्ड आले. झालं ते बरंच झालं.

आमची चिखलीची लिंक २०१० पर्यंत चालली. ती ना बिघडली, ना कुणी तोडली. रेषेत एक पत्र्याची शेड उभी राहिली. त्या काळात भोसरीपासून चाकणपर्यंत हेच चाललं होतं. २००९-१० मध्ये फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्र चाकणला आले, त्यांच्यामागं सुटे भाग बनवणारे आले, निघोजे, महाळुंगे, खराबवाडीत शेडच शेड. ज्या कारखानदारीनं आम्हाला मापात काड्या कापणारे हात दिले, तिच्याच पत्र्यानं आमची रेष अडवली. पत्र्यातून लहर जात नाही. चाकणला कंत्राटी कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांत शेजारच्या खोलीचं वायफायही पोचत नाही, ते याचमुळं.

जगात याच वेळी काय चाललं होतं? व्हेनेझुएलात २००७ मध्ये दोन डोंगरांवर तबकड्या लावून वायफायची लिंक ३८२ किलोमीटर नेली गेली. पुण्याहून पणजी हवाई मार्गानं भरते त्याहून जास्त. आपल्याकडं जास्त मोलाचं काम पालघर जिल्ह्यात झालं. आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटानं ग्राममार्ग प्रकल्पात गावोगावी अशाच लिंक टाकल्या आणि दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागाही इंटरनेटसाठी वापरून पाहिल्या. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. टीव्हीच्या जुन्या जागेतून इंटरनेट जातंय, हे वाचून मला पाईपवरचा वरचा वळ आठवला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गच्चीवर चढायची गरज संपल्यासारखी झाली. २०२० च्या टाळेबंदीत ती परत आली. मुलांची शाळा मोबाइलवर, हिंजवडीतली आयटीची मंडळी घरात, आणि गावाकडं सिग्नलच्या कांड्या दोनच. तेव्हा अँटेना शेजाऱ्याकडं नाही, टॉवरकडं वळल्या. यात एक सूचना: फोर-जी राउटरला बाहेरची अँटेना जोडणं वेगळं आणि 'सिग्नल बूस्टर' लावणं वेगळं. ऑनलाइन सर्रास मिळणारा बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे आणि त्यानं आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये जिओ एअरफायबर ज्या आठ शहरांत सुरू झालं त्यांत पुणं होतं. बसवायला आलेल्या मुलानं गच्चीवर इकडं-तिकडं पाहिलं आणि विचारलं, "काका, हा पाईप वापरू का?" त्यानं खोका आवळला, मोबाइलवर आकडा बघत हळूहळू फिरवला. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. तो स्वतःशीच पुटपुटत होता, "थोडं डावीकडं…" दोन महिन्यांनी गल्लीत फायबर आलं आणि तो खोकाही उतरला. तिसरा वळ तेवढाच.

जाळीची छत्री मी विकली नाही. भांबोलीजवळ मेव्हण्याचं शेत आहे. घरापासून कांद्याची चाळ पावणेचारशे मीटरवर, मध्ये ओढा. केबल टाकली तर दर वर्षी नांगराला अडकणार. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ती छत्री घराच्या माळवदावर लावली, राउटरची शक्ती अगदी तळाला आणली आणि पलीकडं चाळीच्या खांबावर एक छोटा डबा बसवला. मध्ये एकही झाड नाही, याची खात्री पावसाळ्यात जाऊन करून घेतली होती. चाळीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र रात्रंदिवस घरात येतं. आकडा मायनस अठ्ठावन्न.